‘टाकून द्या साहेब’ हा दारू सोडवण्याचा उपचार नाही

मागच्या सोमवारी ओपीडीत दर्यापूरकडच्या एक बाई आल्या. सोबत सून. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात जुने कागद. खुर्चीवर बसायच्या आधीच बाई म्हणाल्या, "डॉक्टर साहेब, त्याले टाकून द्या कुठंतरी. तीन महिने, सहा महिने, जे लागन ते. माह्यानं आता पाह्यनं होत नाई."

‘त्याले’ म्हणजे मुलाला. वय चौतीस, मालवाहू ऑटो चालवतो. मी पिशवीतले कागद पाहिले. याआधी त्याला दोनदा ‘टाकून’ झाले होते. पहिल्यांदा तीन महिने, दुसऱ्यांदा चार. पहिल्या वेळी सोयाबीनचे पैसे गेले, दुसऱ्या वेळी सुनेचे डोरले गहाण पडले. पहिल्यांदा घरी आल्यावर तो नवव्या दिवशी प्यायला. दुसऱ्यांदा पोळ्याच्या करीला. (करीच्या दिवशी आपल्याकडे काय चालते, हे वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको.)

मी विचारले, "तिथून आल्यावर गोळ्या कोणत्या सुरू होत्या? दाखवायला कोणाकडे जात होता?"

सून म्हणाली, "गोळ्या नाई देल्ल्या. आता सुधारला, घेऊन जा म्हणे."

सात महिने आत काढले आणि बाहेर आल्यावर एक दिवसाचाही उपचार नाही. हा लेख त्याबद्दल आहे आणि तो मी चिडून लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी अमरावतीत मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो, महिन्यातून दोनदा अकोल्याला पेशंट पाहतो. दोन्हीकडे हीच पिशवी आणि हेच वाक्य वेगवेगळ्या हातांतून माझ्यापुढे येते. इथे मी मुख्यतः दारूबद्दल बोलणार आहे. खर्रा, गांजा, झोपेच्या गोळ्या यांचे हिशेब थोडे वेगळे असतात.

आठवड्याचे काम, तीन महिन्यांचे बिल

आधी शरीरात काय घडते ते समजून घ्या. रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, मळमळते, झोप उडते, जीव घाबरा होतो. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास थोड्या जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, कोणीतरी मारायला आले असे वाटते, दिवस-रात्रीचे भान राहत नाही. याला डॉक्टर ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात आणि उपचार मिळाला नाही तर यात जीव जाऊ शकतो. म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगतो: रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून, बाहेरून कडी लावून दारू सोडवू नका. तापाने फणफणलेला, बडबडणारा, फिट येऊन गेलेला माणूस चौथ्या दिवशी खाटेवर टाकून आणलेला मी पाहिला आहे. घरच्यांचा हेतू चांगला होता.

पण हा सगळा धोक्याचा काळ साधारण आठवड्याभराचा असतो. योग्य गोळ्या, बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन, पाणी, जेवण आणि लक्ष, एवढ्यावर तो पार पडतो. झोप आणि चिडचिड जागेवर यायला आणखी काही आठवडे लागतात. मग उरलेले ऐंशी दिवस कशासाठी? चांगल्या केंद्रांत समुपदेशन होते, गटचर्चा होतात, घरच्यांना बोलावून समजावले जाते. तिथे या दिवसांचा उपयोग होतो, हे मी मान्य करतो. पण माझ्यासमोर जे कागद येतात त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी या ऐंशी दिवसांत पहाटे उठणे, झाडू मारणे, प्रार्थना आणि ‘मी चुकलो’ असे सगळ्यांसमोर म्हणणे, याखेरीज काही झालेले दिसत नाही.

मेंदू दारूची सवय एकटी शिकत नाही, जागेसकट शिकतो. स्टँडजवळचे देशीचे दुकान, संध्याकाळचे सात, शनिवारची मजुरी, तो एक मित्र, कापूस विकून आलेली नोटांची गड्डी, बायकोशी झालेले भांडण, यांतल्या प्रत्येकाला मेंदूत एकेक तार जोडलेली असते. कुंपणाच्या आत यातले काहीच नसते, म्हणून तिथे न पिणे सोपे जाते. आईला वाटते पोरगा सुधारला. पण तो विहिरीच्या काठावर बसून पोहायला शिकलेला असतो, आणि नवव्या दिवशी घरचे त्याला खोल पाण्यात सोडतात. तो बुडाला की ‘याची सुधारायची इच्छाच नाही’ म्हणून पुन्हा काठावर आणून बसवतात. पुन्हा बिल.

दारूचे अवलंबित्व हा रक्तदाब, दमा यांच्यासारखा लांबणारा आजार आहे. २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात थॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी हाच मुद्दा मांडला. उपचारानंतर व्यसन उलटण्याचे प्रमाण त्यांनी ४० ते ६० टक्के दाखवले आणि रक्तदाब किंवा दमा पुन्हा बिघडण्याचे ५० ते ७० टक्के. तुमच्या वडिलांचा बीपी गोळी बंद केल्यावर वाढला, तर ‘यांना तीन महिने कुठंतरी टाका’ असे तुम्ही म्हणता का? गोळी पुन्हा सुरू करता, मीठ कमी करता, पंधरा दिवसांनी दाखवायला जाता. दारूच्या बाबतीतही नेमके एवढेच हवे आहे.

ओपीडीत नेमके काय होते

बहुतेकांना वाटते, दारूसाठी डॉक्टरकडे गेलो तर ‘पिऊ नका’ म्हणतील आणि फी घेतील. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत किती पितो, कधीपासून, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली का, काविळ झाली का, मनात मरणाचे विचार येतात का, हे विचारले जाते. रक्ताच्या साध्या तपासण्या होतात. ज्यांना धोका कमी आहे आणि घरात एक जबाबदार माणूस आहे, त्यांची दारू घरीच सोडवता येते. आठवड्याभराच्या, रोज कमी होत जाणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. त्या बायको, भाऊ किंवा आई यांच्या ताब्यात राहतात आणि रोज भेट नाही तर निदान फोन होतो. त्या गोळ्यांवर दारू प्यायची नाही, ही अट पहिल्याच दिवशी समजावतात, कारण दोन्ही एकत्र गेले तर श्वास मंदावू शकतो.

खरा उपचार त्यानंतर सुरू होतो. नॅल्ट्रेक्सोनने प्यायल्यावर मिळणारी मजा आणि ओढ कमी होते. अ‍ॅकॅम्प्रोसेट बंद केलेली दारू बंद ठेवायला मदत करते. लिव्हर बिघडलेल्यांसाठी काही वेळा बॅक्लोफेन निवडतात. डायसल्फिराम ही सर्वांत जुनी गोळी. तिचा हा गुण डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकात लक्षात आला. ती घेतलेली असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळू शकतो. ती ओढ कमी करत नाही. तिचे काम कुलपासारखे आहे, आणि कुलूप लावायला मालकाची संमती लागते. कोणाला कोणती गोळी चालेल हे लिव्हर, किडनी, हृदय आणि इतर औषधे पाहून ठरते, म्हणून शेजाऱ्याची गोळी आणून देऊ नका.

मग भेटी. पहिल्या महिन्यात आठवड्याला, पुढे पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याला, निदान वर्षभर. या भेटींत मी प्रवचन देत नाही. मी विचारतो, या आठवड्यात बाजार कोणत्या वारी? लग्न कोणाकडे आहे? कर कधी आहे आणि त्या दिवशी तू कुठे असशील? कापसाचे पैसे कोणाच्या खात्यात येतील? करीच्या दिवशी एक पेशंट बायको-पोरांना घेऊन शेगावला जाऊन बसतो. हा बेत तीन भेटींत मिळून ठरला. औषधाचा खर्च बहुतेकांच्या बाबतीत रोजच्या पव्व्यापेक्षा कमी येतो, आणि माणूस घरी राहतो, कामावर जातो, त्याची मजुरी बुडत नाही. हा शेवटचा मुद्दा केंद्राच्या बिलाच्या हिशेबात कोणीच धरत नाही.

अ‍ॅडमिट कोणाला करावे लागते? ज्याला पूर्वी दारू सोडताना फिट आली किंवा भ्रम झाला, ज्याला रक्ताची उलटी, काविळ, पोटात पाणी आहे, जो जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलतो, जी गरोदर आहे, ज्याला दुसरा गंभीर मानसिक आजार आहे, किंवा ज्याच्याजवळ घरी कोणीच नाही. अशांना दवाखान्यात ठेवलेच पाहिजे. यातल्या अनेकांना काही दिवस पुरतात. माझे भांडण पलंगाशी नाही. पलंगावरून उतरल्यावर पुढे काहीच नसते, त्याच्याशी आहे.

‘घरी राहून सुटते यावर आमचा विश्वास नाही’ म्हणणाऱ्यांसाठी तीन गोष्टी सांगतो.

१९८९ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयाने १६४ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना सौम्य ते मध्यम स्वरूपाचा दारू सुटण्याचा त्रास होता. निम्म्यांना अ‍ॅडमिट करून आणि निम्म्यांना येऊन-जाऊन उपचार दिला. अ‍ॅडमिट असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी पहिला टप्पा पूर्ण केला, येऊन-जाऊन करणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी. म्हणजे सुरुवातीला अ‍ॅडमिट पुढे, हे खरे. पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नव्हता, आणि अ‍ॅडमिट करण्याचा खर्च नऊपटीहून जवळजवळ वीसपटीपर्यंत होता.

दुसरी गोष्ट गोव्याची. तिथल्या ‘संगत’ संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर अभ्यास केला आणि तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनंतर दारू अजिबात न घेणारे समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. हे लोक घातक प्रमाणात पिणारे होते, पूर्ण अवलंबून झालेले नव्हते, हे लक्षात ठेवा. पण आपल्याकडे माणूस पूर्ण बुडेपर्यंत थांबायचे आणि मग जीप बोलवायची, ही जी पद्धत आहे तिला हे उत्तर आहे.

तिसरी तर आपल्याच अमरावती जिल्ह्यातली. ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प इथल्या ३० गावांत चालला. नैराश्य हा त्याचा मुख्य विषय. गावातली प्रशिक्षित माणसे घरोघर जायची, बोलायची, गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत न्यायची. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. लोक उपचाराला येत नाहीत म्हणतात. गावात उपचार पोचला की येतात, हे दर्यापूर-धारणीच्या जिल्ह्यातच दिसले आहे.

कुंपण मोडल्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. क्षयाच्या पेशंटला सॅनेटोरियममध्येच ठेवले पाहिजे, असे एकेकाळी सगळे डॉक्टर म्हणत. मद्रासमध्ये दाटीच्या, गरीब घरांत राहून औषधे घेणाऱ्यांचे निकाल सॅनेटोरियममधल्यांइतकेच चांगले आले. तो अभ्यास १९५९ साली छापून आला आणि सॅनेटोरियमचा जमाना संपत गेला. कुष्ठरोगाचे तर आपण अमरावतीकरांनी डोळ्यांनी पाहिले. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले तेव्हा कुष्ठरोग्याला गावात जागा नव्हती, म्हणून गावाबाहेर जागा करावी लागली. ते थोर काम होते. आज त्याच आजाराच्या गोळ्यांचे पाकीट आरोग्य केंद्रात मिळते, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचे आणि घरीच राहायचे. दारूच्या आजाराला आपण अजून गावाबाहेरच ठेवतो.

‘पण तो येतच नाही ना’

ही अडचण खरी आहे. तो येत नसेल तर तुम्ही या. घरच्या माणसाला शिकवूनही पेशंट उपचाराला आणता येतो. रागाची वेळ कोणती, बोलायची वेळ कोणती, प्यायलेला असताना काय करायचे नाही, न प्यायलेल्या दिवशी काय करायचे, हे शिकवण्याची एक पद्धत आहे. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात या पद्धतीने ६४ टक्के घरांतला पिणारा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून त्याला घेरून सुनावण्याच्या पद्धतीने ३० टक्के आले. आपण काय करतो? मामा, काका, सासरा बोलावून अंगणात बैठक भरवतो. पोरगा मान खाली घालतो, शपथ घेतो आणि रात्री पितो.

दुसरा आडमार्ग म्हणजे भिंतींवर आणि बसच्या मागे रंगवलेली पावडर. ‘न सांगता दारू सोडवा.’ भाजीत कालवायची, चहात टाकायची. काही पुड्यांत काय असते ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. आणि डायसल्फिराम अशी चोरून दिली तर तुमचा नवरा रात्री दारू पिऊन रस्त्यात कोसळू शकतो. हृदयाचा आजार असेल तर त्यातून उठणारही नाही. शिवाय एक दिवस त्याला कळते. मग तो घरच्या जेवणावरचा विश्वास गमावतो, आणि त्यानंतर तो माझ्याकडे कशाला येईल?

जीपमध्ये घालून नेणे आणि कायदा

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजार त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे उपचारासाठी माणसे ठेवून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. इच्छेविरुद्ध ठेवायचे असेल तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, आजार तेवढा गंभीर असावा लागतो, आणि अशी पहिली मुदत ३० दिवसांच्या वर जात नाही. ‘आईची सही आहे, आता तीन महिने’ असे त्या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. साखळीने बांधणे पूर्ण बंद आहे. सक्तीने डोके भादरणे बंद आहे. जबरदस्तीने काम करून घेता येत नाही. घरी फोन करण्याचा हक्क आहे. तुमचा माणूस परत आल्यावर त्याच्या डोक्यावर केस नसतील आणि ‘फोन करू देत नव्हते’ असे तो म्हणत असेल, तर तो खोटे बोलतो आहे असे गृहीत धरू नका.

चांगली केंद्रे आहेत. पुण्याचे मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केले. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा, आणि त्यानंतरचा पाठपुरावा हा त्यांच्या कामाचा कणा आहे. गडचिरोलीत ‘सर्च’चा मुक्तिपथ २०१६ पासून तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावात शिबिरे चालवतो. म्हणजे ज्यांनी या कामात आयुष्य घातले, तेही बाहेरच्या उपचाराकडेच वळले आहेत. केंद्र निवडताना मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: ‘घरी आल्यावर पुढचे वर्षभर तुम्ही काय करणार?’ उत्तराऐवजी फी सांगितली, तर उठून या.

आता आम्हा डॉक्टरांचे. मीही वर्षानुवर्षे चिठ्ठीवर ‘व्यसनमुक्ती केंद्रात न्यावे’ एवढे लिहून हात झटकले आहेत. तीन मिनिटांत पेशंट संपायचा. पोटदुखी, उलट्या घेऊन आलेल्या पिणाऱ्या माणसाला दोन दिवस सलाईन लावायचे, कागदावर ‘गॅस्ट्रायटिस’ लिहायचे आणि घरी पाठवायचे, हे आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत रोज चालते. तो माणूस त्या दोन दिवसांत सर्वांत जास्त घाबरलेला असतो आणि ऐकायला तयार असतो. ती वेळ आम्ही ग्लुकोजमध्ये घालवतो. देशात दारूवर अवलंबून असलेले २.९ कोटी लोक आहेत, असे सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेले २०१९ चे सर्वेक्षण सांगते. त्यांच्यापैकी ३८ जणांत एकाला काही ना काही उपचार मिळाला, आणि १८० जणांत एकाला भरती होऊन. एवढ्या माणसांसाठी पलंग कोणत्या जन्मात पुरणार? जून २०२५ मध्ये राज्याने दारूवरचे कर वाढवले तेव्हा वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा येतील असे सांगण्यात आले. त्यातला रुपयातला एक पैसा जरी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस दारूची ओपीडी, एक समुपदेशक आणि या चार गोळ्यांवर खर्च केला, तर अकोट, मूर्तिजापूर, अचलपूर, वरुडच्या माणसाला शंभर किलोमीटर जीपमध्ये घालून न्यायची गरज पडणार नाही.

खोली

पण सगळ्यांना घरी राहून जमत नाही, आणि इथे माझाच युक्तिवाद थोडा अडतो. ज्याचा बाप आणि भाऊ त्याच घरात रोज पितात, ज्याला बायको सोडून गेली, ज्याच्या दाराला लागून हातभट्टी आहे, त्याला मी आठवड्याला गोळ्या देऊन पुन्हा तिथेच पाठवतो. त्याला बंद केंद्र नको असते. त्याला दारू नसलेली एक जागा हवी असते, जिथून सकाळी कामावर जाता येईल.

ही कल्पना परकी वाटत असेल तर आपल्याच गावात बघा. अमरावतीत स्पर्धा परीक्षांची पोरे काय करतात? चौघे-पाचजण मिळून खोली करतात, भाडे वाटून घेतात, मेसचा डबा लावतात, झाडायची पाळी ठरवतात. त्याच खोलीला तीन नियम जोडा: आत कोणी पिणार नाही, प्यायला तो बाहेर जाईल, आणि भाडे प्रत्येकाने स्वतः कमवून द्यायचे. अमेरिकेत १९७५ पासून ‘ऑक्सफर्ड हाउस’ नावाची घरे नेमकी अशीच चालतात. तिथे मालक नाही, वॉर्डन नाही, दाराला बाहेरून कुलूप नाही. राहणारेच मतदानाने कारभार चालवतात. उपचार संपलेल्या १५० जणांपैकी निम्म्यांना अशा घरांत आणि निम्म्यांना नेहमीच्या मार्गाने पाठवून दोन वर्षांनी पाहिले. अशा घरांत गेलेल्यांपैकी ३१ टक्के पुन्हा नशा करत होते, दुसऱ्या गटात ६५ टक्के. हा अभ्यास २००६ चा.

हिशेब करून पाहू. चार खोल्यांच्या घराचे भाडे बारा हजार धरा, सहाजण राहिले तर माणशी दोन हजार. मेस तीन हजार. लाइट-पाण्याचे तीनशे. आचलपूरच्या गवंड्याला किंवा बाळापूरच्या ड्रायव्हरला हे स्वतःच्या कमाईतून जमते. घरच्यांना डोरले गहाण टाकावे लागत नाही. उपचार ओपीडीत, संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा, जिथे फी नसते, आणि रात्री झोपायला कोरडे घर. ज्या कायद्याबद्दल वर लिहिले त्यातही अर्ध्या वाटेवरची घरे आणि आधाराची निवासस्थाने सरकारने द्यावीत असे म्हटले आहे. समाजात सोय नाही म्हणून कोणालाही संस्थेत ठेवून देऊ नये, असेही त्यात आहे. कागद तयार आहे, घरे नाहीत.

आणि आपल्याकडे तर याची फार जुनी वाट आहे. दारूवर आयुष्यभर कोरडे ओढलेल्या गाडगेबाबांनी जागोजागी धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आज कर्करोगाच्या पेशंटना आसरा देते. ते टाटामध्ये बाहेरून उपचार घेतात आणि रात्री तिथे राहतात. दवाखाना एकीकडे, निवारा दुसरीकडे, आणि दोन्ही गरिबाला परवडणारे. बाबांचा जन्म याच जिल्ह्यातला, शेवटही वलगावजवळचा. त्यांच्या जिल्ह्यात दारू सोडणाऱ्याला आपण असा निवारा देऊ शकत नाही, याची मला लाज वाटते.

घरमालक काय म्हणतील हे मला माहीत आहे. ‘बेवडे भाडेकरू ठेवू?’ आत्ता तुमच्या घरात जे भाडेकरू आहेत ते पीत नाहीत, हे तुम्ही कशावरून म्हणता? इथे निदान पाच शेजारी रोज एकमेकांचा वास घेतील.

ज्यांना आजच काही करायचे आहे त्यांच्यासाठी: जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांची ओपीडी असते, तिथे दारूसाठीही दाखवता येते. सरकारची व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६. घरच्या माणसानेही या क्रमांकांवर फोन केला तरी चालतो. फिट, भ्रम, रक्ताची उलटी किंवा मरणाची भाषा असेल तर फोन करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

त्या सोमवारच्या बाईंना मी हे सगळे एवढ्या लांबणीने सांगितले नाही. मुलगा खाली पानठेल्यापाशी उभा होता, सून जाऊन घेऊन आली. पूर्वी फिट नाही, काविळ नाही. घरी सोडवण्याचे ठरले, गोळ्या सुनेच्या ताब्यात. तो आतापर्यंत दोनदा येऊन गेला आहे. दुसऱ्यांदा आला तेव्हा आधल्या रात्री प्यायलेला होता, तरी आला, आणि मी त्याला परत पाठवले नाही. गोळ्यांचे गणित मात्र पुन्हा मांडावे लागले.

जाताना बाईंनी विचारले होते, "आमच्या गल्लीत तं दोन भट्ट्या हायेत, साहेब. घरी नाई तं मंग ठेवू कुठं त्याले?" माझ्याकडे द्यायला पत्ता नव्हता. राजापेठ ते बडनेरा या पट्ट्यात कोणाचे चार खोल्यांचे घर रिकामे असेल तर दवाखान्यात निरोप द्यावा. माझ्या ओपीडीतले पाचजण भाडे द्यायला तयार आहेत, सहावा हा.